पाहुण्यांनी गॅलरीतून बघावं

नाशिकबाहेर पेठ रोडच्या पुढे पळस फुलला की इकडे माझा फोन वाजायला लागतो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण फाल्गुनात त्या एकदमच होतात. तिकडे पानं झडलेल्या झाडांवर नुसती केशरी फुलं, आणि इकडे ओळखीतलं कुणीतरी विचारतंय, "अगं, आमच्याकडे पाहुणे येतायत. बाहेरचे. बाहेरचे म्हणजे परदेशातले. दोनच दिवस आहेत. तू गावभर पत्रकं वाटत हिंडतेस, तुला सगळं माहीत असेल. काय काय दाखवू?"

मी पत्रकं वाटते हे खरं आहे. झाडं तोडू नका, गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, घाण सोडू नका, फुटपाथ चालणाऱ्याला द्या. ज्या मुलीची सगळी हयात 'करू नका' लिहिण्यात चालली आहे तिला 'काय बघावं' विचारणं म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात भांडखोर काकूंना लग्नाची स्थळं सुचवायला सांगणं. तरी मी सांगते. पांडवलेणी सकाळी चढा, उन्हं वर यायच्या आत. सोमेश्वरला धबधबा बघायला म्हणून जाऊ नका, आत्ता तिथं फक्त खडक आहेत. खडक बघायला म्हणून जा, खडक चांगले आहेत. काळारामाच्या आवारात दुपारी अनवाणी नेऊ नका, पाहुणे नाचतील. मिसळ सकाळीच खायची आणि रस्सा फिका मागवायचा नाही. शेजारी दही ठेवा आणि रडू द्या त्यांना. द्राक्षाच्या मळ्यात न्या, पण घडाला बोट लावू देऊ नका. मण्यावर जी पांढरी लव असते ती बोटानं पुसली जाते, आणि मग मळेवाला पाहुण्यांकडे बघून हसतो आणि तुमच्याकडे बघून हसत नाही.

ही यादी सांगताना दरवर्षी माझं डोकं एकाच गोष्टीवर फिरतं. पाहुणा येणार म्हटलं की आपण त्याच्या वाटेवरचा रस्ता झाडतो. त्याच्यासाठी कपाटातली काचेची भांडी निघतात, त्याच्यासाठी बंद खोली उघडते. घरातल्या माणसाला त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं तर आपण विचारतो, "तुला कशाला? तू घरातलीच."

म्हणून माझ्या यादीत सगळ्यात शेवटी एक जागा असते, जी बघायला गेलात तर काही दिसत नाही. आमचा चौक. जुन्या नाशकातला, एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला बाबांचं हार-फुलांचं दुकान आणि दुकानावर आमचं घर. चौकाच्या मधोमध उभं राहा आणि खाली बघा. डांबर दिसेल. रिक्षावाला "ओ ताई, सरका की!" म्हणून ओरडेल. पण तुमच्या पायाखाली एक दगडी हौद आहे. चौकोनी, पुरुषभर उंचीहून खोल, पेशव्यांच्या काळापासूनचा म्हणतात. त्याला रहाड म्हणायचं. वर्षभर ती लाकडी ओंडके, माती आणि डांबराखाली झाकलेली असते आणि वरून अख्खं नाशिक जात-येत असतं. रंगपंचमी जवळ आली की डांबर फुटतं, माती निघते, ओंडके निघतात, हौद धुतला जातो, पाणी भरतं, फुलांचा उकळलेला रंग त्यात ओततात. पंचमीला पूजा होते. आणि मग माणसं काठावरून आत उडी घेतात. ती उडी म्हणजे धप्पा. उडी घेणाऱ्याच्या अंगाचा रंग दोन-दोन दिवस जात नाही आणि तो जाऊ नये म्हणून काही लोक आंघोळही टाळतात. दुसऱ्या दिवशी माती परत वर. रिक्षा परत सुरू.

गावात अशा आणखीही रहाडी आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा. आमची केशरी. पळसाची.

ती फुलं आमच्या दुकानातून जातात, हा आमच्या घराचा मान. पेठकडच्या वाड्या-पाड्यांवरून पोती येतात. मला त्या पोत्यांचा वास आठवतो. वास म्हणजे तसा काहीच नाही, पळसाला वास नसतोच. तागाचा वास, धुळीचा वास, आणि दुकानात आधीच भरून राहिलेला शेवंतीचा ओला वास. पोती वर घरात यायची. जमिनीवर जुनी लुगडी पसरायची आणि आई, शेजारच्या दोघी-तिघी, मी, अशा बसून फुलांचे काळपट देठ खुडायच्या. परीक्षा तोंडावर असायची. मी मांडीवर भूगोलाचं पुस्तक ठेवून खुडायचे, त्यामुळे माझ्या भूगोलातल्या सगळ्या नद्या केशरी आहेत.

नलूआत्या लहान असताना याच खोलीत याच कामाला बसायची. नलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन हॉलंडला गेली. तिथल्या दुकानात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाच्या डब्यावर नाशिक लिहिलेलं दिसतं म्हणायची. "मी डबा उचलते, वाचते, परत ठेवते. दुकानदाराला वाटत असेल ही बाई द्राक्षं वाचायला येते."

रहाड तिला वरूनच माहीत होती. आमच्या गॅलरीतून. फुलं खुडायला बायका, पाणी तापवायला बायका, उड्या मारायला पुरुष, आणि त्या पुरुषांचे कपडे दगडावर आपटायला परत बायका. हे वाक्य मी पुढं पत्रकात लिहिलं, पण ते मुळात आत्याचं आहे. ती ते हसत म्हणायची. मला तसं हसत म्हणता येत नाही.

आत्याच्या लहानपणी बाबा ओले होऊन जिना चढून आले की ती दारातच त्यांना धरायची. हे बाबा सांगतात.

"दादा, आतून कशी दिसते रे?"

"आतून कशाला काय दिसतंय? डोळे मिटलेले असतात."

"मग ऐकू काय येतं?"

बाबांनी तेव्हा विचार करून सांगितलं होतं, "काहीच नाही. वर एवढे ढोल, एवढी बोंबाबोंब. पण आत गेलं की सगळा चौक बंद होतो कानात. एकदम बंद. आणि मग वर आलं की परत चालू."

आत्याला तेवढंच हवं होतं. रंग नको, फोटो नको. आमच्या चौकात राहिलेल्या बाईलाच कळेल की हा चौक क्षणभर बंद करून मिळणं म्हणजे काय. पहाटे काकडआरती, मग भोंगे, मग हातगाड्या, मग कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या नलूला पाहायला कोण आलं. सगळं त्या चौकातून वर यायचं आणि गॅलरीतल्या मुलीला ते बंद करता यायचं नाही.

मी आठवीत होते तेव्हाचा फाल्गुन. आत्या बऱ्याच वर्षांनी ऐन रंगपंचमीला आली आणि सोबत मैत्रीण आणली, आन्के. उंच, पांढुरक्या भुवयांची, सतत टोपी घालणारी. चौकानं संध्याकाळपर्यंत तिचं अनघा करून टाकलं. दोघींची ओळख पोहण्याच्या तलावावर झालेली. गंगेच्या काठावर वाढलेली आमची आत्या पोहायला शिकली ती हॉलंडला जाऊन, चाळिशीला आल्यावर. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. आता संताप येतो.

त्या दिवसांचं मला सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. आन्केला घेऊन आम्ही गंगेवर बुधवारच्या बाजारात गेलो, तिथं तिनं खलबत्ता उचलून बघितला आणि तो तिच्या बॅगेत कसा बसेल यावर आई आणि तिची, एकीची मराठीत आणि एकीची डचमध्ये, बराच वेळ चर्चा झाली. भांडीबाजारात तिनं तांब्याच्या घागरीत तोंड घालून आवाज काढला. ओझरच्या पुढं एका ओळखीच्या मळ्यात तिनं मण्याला बोट लावलंच. रात्रीचं जेवण झालं की आत्या गॅलरीत उभी राहायची. खाली ओंडके निघाले होते. हौद कोरडा, उघडा, दगडांच्या सांध्यांत गेल्या वर्षाचा केशरी अजून. मी विचारलं, "आत्या, तुला पोहता येतं ना आता?" ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "म्हणून तर."

पंचमीला दुपारनंतर पूजा झाली. पूजेचा मान तात्यांच्या घराचा. तात्या म्हणजे चौकातले सगळ्यात वडीलधारे, भांड्यांचे व्यापारी, आवाज असा की ढोलवाले त्यांच्याकडे बघून थांबायचे. पहिले धप्पे झाले. केशरी पाणी काठाच्या वर उसळत होतं. आन्के आणि आत्या अगदी काठाशी उभ्या होत्या, आणि मी आत्याची ओढणी धरून. कुणीतरी ओरडलं, "अनघाबाईंना घ्या भो! पाहुण्या आहेत!"

सगळा चौक लगेच तयार. पाहुणी आहे, जाऊ द्या, मारू द्या धप्पा, फोटो काढा रे. बायका उडी मारत नाहीत, हा नियम कुणाला आठवलाच नाही. तात्यांनीही हात केला, "या या, वेलकम!"

आन्केनं आत्याकडं बघितलं. आत्यानं ओढणी माझ्या हातातून सोडवली आणि कमरेला बांधली.

"मी पण येते हिच्यासोबत."

"नलू?" तात्या हसले. रागावले नाहीत, हे महत्त्वाचं आहे. अगदी मायेनं हसले. "तू कशाला गं? तू काय पाहुणी आहेस का? तू इथलीच."

"इथलीच आहे म्हणूनच म्हणते तात्या."

"अगं चौकातल्या मुलीनं असं... लोक काय म्हणतील? हिचं वेगळं. ही उद्या जाईल विमानानं."

"मीही जाणारच आहे."

"तू परत येशील," तात्या म्हणाले.

जाणाऱ्याला वेलकम, परत येणाऱ्याला नियम. आत्यानं ओढणी सोडली. आन्केचा चष्मा आणि चपला हातात घेतल्या. आन्के गेली, धप्प, आणि वर आली ती डोक्यापासून केशरी, पांढऱ्या भुवयांसकट. चौक असा ओरडला की मारुतीच्या शेंदराचे टवके उडाले असते. तिनं काठावर येऊन हसत काहीतरी विचारलं. आत्यानं तिच्या भाषेत उत्तर दिलं. मला कळलं नाही, दोन-तीनच शब्द होते. आन्केचं हसणं मात्र थांबलं, आणि मग तिनं स्वतःचा चष्मा आत्याच्या हातातून काढून घेतला, जणू आत्याचे हात मोकळे केले तर अजून काही होईल. काही झालं नाही.

नंतरच्या आठवड्यात त्या निघणार होत्या. त्या दिवशी सकाळी आत्या माझ्याबरोबर फुलबाजारात आली, बाबांना झेंडू हवा होता म्हणून. परत येताना चौक नुकता जागा होत होता. रहाडीवर ताजी माती, वर डांबर अजून पडलेलं नाही, पाण्याचा सडा टाकलेला. आत्यानं झेंडूची पिशवी खाली ठेवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि साडी दोन बोटं वर धरून, दोन्ही पायांनी, जागच्या जागी, त्या मातीवर एक उडी मारली.

आवाज फक्त चपलांचा झाला. ती डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग मागून दूधवाला म्हणाला, "काय ओ आत्याबाई, साप होता का?"

"हो," आत्या म्हणाली. "गेला."

मी पत्रकं वाटायला लागले त्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी झाडं सांगते, नदी सांगते. खरं कारण त्या चपलांचा आवाज आहे.

चौकाच्या बैठका मारुतीसमोर होतात, सतरंजीवर. तीन वर्षं मी तिथं एकच मागणी घेऊन बसले: रंगपंचमीला बायकांची वेगळी वेळ. गावातल्या दुसऱ्या रहाडींवर बायका उतरतात, आमच्याकडं का नाही? पत्रकाचा मथळा होता, 'फुलं आम्ही खुडतो.' घरोघर वाटलं. एकानं त्यात भजी बांधली आणि मला दाखवून खाल्ली. दुसऱ्यानं बैठकीत टोमणा मारला, "आज हौदात उतरायचंय, उद्या म्हणतील पूजासुद्धा आम्हीच करणार."

मी म्हटलं, "आठवण करून दिल्याबद्दल आभार. पुढच्या पत्रकात घेते."

आई मागून पदर ओढत होती, "अगं हळू, शेजारी राहायचंय आपल्याला." पण त्या तिसऱ्या वर्षी पळस खुडायला आई बसलीच नाही. शेजारच्याही बसल्या नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं. निदान आई तरी अजून तसंच सांगते. पोती दोन दिवस जिन्यात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दोन-तीन पुरुष स्वतः खुडायला बसले आणि देठांसकट फुलं रंगात घातली, तर पाणी चहासारखं झालं. पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या फाल्गुनात, बायकांची वेळ मिळाली.

आईनं धप्पा मारला. नाक धरून, देवाचं नाव घेत. वर आली ती खोकत, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "कान बंद झाले गं!" शेजारच्या काकूंनी तर दोनदा मारला. मी काठावर उभी राहून सगळ्यांचे चष्मे सांभाळले. "तू नाही का मारत? तुझ्यामुळं तर झालं," असं जी ती म्हणत होती. मी म्हटलं, खिशात मोबाईल आहे. खरं म्हणजे तो बंद झालेला चौक मला आत्याच्या आधी ऐकायचा नव्हता.

यंदा आत्याचा निरोप आला. "आधी पंचांग बघितलं, मग रजा टाकली. आन्के येते आहे. तिच्या दोन मैत्रिणी पण. त्यांना काय दाखवायचं ते तू लिहून ठेव. मला काय बघायचंय ते तुला माहीत आहे."

आणि मागच्या रविवारच्या बैठकीत, सतरंजीवर, एक उत्साही दादा उभा राहिला. त्याला चौकाचं नाव मोठं करायचंय, हेतू वाईट नाही. म्हणाला, "मी काय म्हणतो, हॉलंडच्या तीन पाहुण्या येतायत. महिलांच्या वेळेत पहिले धप्पे त्यांना द्यायचे. रील करू, लय व्हायरल होईल. आपल्या बायका काय, त्या इथल्याच आहेत. नंतर मारतील."

मी उठले. भाषण तयारच होतं, आठवीपासून तयार होतं. पहिलं वाक्य तोंडात आलं तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला, "कोण येतंय म्हणाला?"

तात्या. आता त्यांना ऐकू कमी येतं आणि सतरंजीवर बसता येत नाही. त्यांच्या नातवानं कानाशी वाकून मोठ्यांदा सांगितलं, "नलूआत्या येतेय! आणि तिच्या पाहुण्या!"

"नलू," तात्या म्हणाले. थोडा वेळ समोर, चौकाच्या मधोमध, डांबराकडं बघत बसले. "नलू तर इथलीच ना?"

"इथलीच तात्या," बाबा म्हणाले. बैठकीत बाबा कधी बोलत नाहीत.

"मग इथलीच आधी," तात्या म्हणाले. "पाहुण्यांना गॅलरीत बसवा. तिथून चांगलं दिसतं."

त्यांना तो दिवस आठवला का? की म्हातारपणी शब्द आपोआप उलट्या बाजूनं पडले? मी विचारलं नाही. एवढी वर्षं वाळवलेलं भाषण पोटात राहिलं, आणि ते अजून डाचतं आहे. पण कुणी तरी पत्रकाशिवाय बरोबर वागलं तर त्याला अडवायचं नसतं, एवढं मीही शिकले आहे.

कालपासून पोती आली आहेत. सगळ्या खुडायला बसल्या आहेत, यंदा दोन पुरुषही. त्यांची बोटं फार हळू चालतात. आई गॅलरी धुऊन घेते आहे. आणि मी हॉलंडच्या पाहुण्यांसाठी यादी लिहिते आहे. लेणी सकाळी. मिसळ दह्याबरोबर. खडक. भांडीबाजारात घागरीत तोंड घालून आवाज काढायला हरकत नाही. द्राक्षाला बोट लावू नका, आन्के, हे विशेष तुझ्यासाठी.

शेवटी लिहिलं आहे: रंगपंचमीला दुपारी आमच्या गॅलरीत बसावं. गादी टाकलेली असेल, चिवडा असेल. इथून रहाड पूर्ण दिसते, ही जागा अनेक वर्षांची पारखलेली आहे. खाली काठावर ओढणी कमरेला बांधलेली एक बाई दिसेल आणि शेजारी मी. ती आत गेली की आरडाओरडा होईल. तुम्ही तिला हाक मारू नका. तेवढा वेळ तिला काही ऐकू येणार नाहीये.